पेठेतला पडदा

दर वर्षी गणेशोत्सवात पुण्याचे वाहतूक पोलीस मंडईकडे येणाऱ्यांसाठी वाहनतळांची यादी जाहीर करतात. त्या यादीत आर्यन आणि मिनर्वा ही दोन नावे ठरलेली असतात. महापालिकेने या वाहनतळांना रीतसर नावे दिली आहेत, तरी गाडी लावायला निघालेला माणूस बायकोला विचारतो, ‘आर्यनला जाऊ की मिनर्वाला?’ विचारणारा तरुण असेल तर त्याने ही दोन्ही चित्रपटगृहे पाहिलेली नसतात. आर्यन पाडून चाळीस वर्षे उलटून गेली. इमारत गेली, खुर्च्या गेल्या, पडदा गेला, पण नाव पेठेने सोडले नाही. पुण्यातल्या जुन्या चित्रपटगृहांचा माग काढायला बसलो तेव्हा मला सुरुवातीसाठी याहून चांगली जागा सापडली नाही.

गंगाधर पाठक यांनी ७ फेब्रुवारी १९१५ रोजी मंडईजवळ आर्यन सुरू केले. केवळ चित्रपट दाखवण्यासाठी बांधलेले पुण्यातले हे पहिले कायमचे घर. त्याआधी अठरा-एकोणीस वर्षे चित्रपट आपल्याकडे पाहुणा म्हणूनच वावरत होता. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी या नाट्यगृहात हलले. तिथून पुढे चित्रपट मिळेल तिथे उतरत गेला. मैदानातला तंबू, नाटकाचा मोकळा पडलेला दिवस, जत्रेतली कनात, काहीही चाले. मुंबईत गिरगावाने त्याला आधी आसरा दिला. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट गिरगावातच पाहिला, आणि ३ मे १९१३ला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तोही गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये. त्याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. भारतीय चित्रपटाच्या जन्माच्या ज्या दोन तारखांवरून आजही वाद होतात, त्या दोन्ही एकाच चित्रपटगृहाच्या दारातून आत आल्या. ते कोरोनेशन आज नाही.

पाठकांनी चित्रपटगृहासाठी मंडईची जागा निवडली, यात मला त्यांची खरी दृष्टी दिसते. मंडईची दगडी अष्टकोनी इमारत १८८६ची, तेव्हाचे नाव रे मार्केट. पुढे १९३०च्या दशकात, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. गावात रोज सगळ्या जातींची, सगळ्या थरांची माणसे जिथे पायी येतात अशी ही एकच जागा होती. खेड्यातून भाजी घेऊन आलेला शेतकरी, गाळेवाला, हमाल, पिशवी घेऊन आलेला कारकून, सगळे तिथे असत. नाटकाला जायचे म्हणजे बेत लागे, कपडे लागत, पदरचा पैसाही जास्त लागे. चित्रपटाला मंडईतून सरळ जाता येत होते. पेठेतले चित्रपटगृह म्हणजे काय, याचे उत्तर पाठकांनी जागा निवडतानाच देऊन ठेवले होते: ते पायी जाण्याच्या अंतरावर हवे, आणि तिथे जायला वेगळे निमित्त लागू नये.

आर्यनचा सगळ्यात मोठा दिवस उघडल्यानंतर बरोबर पाच वर्षांनी आला. ७ फेब्रुवारी १९२०ला तिथे बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. कोल्हापुरात बसून, स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने काढलेला हा चित्रपट. कथा कीचकवधाची. पुण्याच्या प्रेक्षकाला ही कथा नुसती महाभारतातली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९१०मध्ये सरकारने बंद पाडले होते, कारण त्यातला उद्दाम कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी न सांगता ओळखले होते. रंगभूमीवर ज्याला बंदी होती, तोच कीचक दहा वर्षांनी मंडईशेजारच्या पडद्यावर भीमाच्या हातून मरत होता. वधाचे दृश्य इतके खरे वाटले की बायकामाणसे किंचाळली, आणि पुढे ते दृश्य कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लोकमान्य गेले.

आज ‘सैरंध्री’ची एकही प्रत शिल्लक नाही. ज्या इमारतीत तो दाखवला गेला ती इमारतही नाही. मंडईत गाडी लावून जिना उतरताना हे मनात आले की मला खरोखर वाईट वाटते. हिंदुस्थानच्या राजकारणातला तेव्हाचा सर्वांत मोठा माणूस याच जमिनीवर, अंधारात, पडद्याकडे बघत बसला होता.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृह मुके मुळीच नव्हते. पडद्याखाली पेटी-तबला वाजत असे, लढाई आली की लय चढे. मजकुराच्या पाट्या आल्या की वाचता येणारे न येणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचत. म्हणजे आवाज पडद्यातून येत नव्हता, पेठेतून येत होता. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि हे सगळे पालटले. पुढच्या वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने पडद्याला मराठी बोलायला लावले. पेटी-तबल्यावाल्यांचे काम गेले. यंत्र आणायला मोठे भांडवल लागू लागले. आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी पाट्या उतरवल्या. चित्रपटगृहांवरची ही पहिली मोठी लाट. पुढच्या लाटांच्या आठवणी निघतात तेव्हा ही कुणी काढत नाही.

याच सुमारास नाटकाची घरे चित्रपटाकडे आली. बुधवार पेठेतले विजयानंद मूळचे नाट्यगृह, ते चित्रपटाचे झाले. लक्ष्मी रस्त्यावरच्या विजय टॉकीजचे पाटीवरचे पूर्ण नाव लिमये नाट्यचित्र मंदिर. ही वंशावळ नीट लक्षात घ्यायला हवी. आपल्या चित्रपटगृहांनी बाल्कनी, पुढचे पीट, रंगमंचाची उंची, मखमली पडदा, तीन घंटा, मध्यंतर आणि मध्यंतरातला चहा हे सगळे नाट्यगृहाकडून घेतले. चित्रपटाला मध्यंतराची गरजच नव्हती. ते नाटकाचे होते, आणि मराठी माणसाला अर्ध्यावर उठून पाय मोकळे करायची, भेटलेल्यांशी दोन शब्द बोलायची सवय होती. तंबूकडून आले ते वेगळे: जमिनीवर बसणारा प्रेक्षक, शिट्टी, पडद्यावर फेकलेली चिल्लर. पेठेतल्या पडद्यासमोर ही दोन घराणी रोज एका छपराखाली बसत. खालच्या रांगेतला हमाल आणि बाल्कनीतले वकीलसाहेब वेगळ्या दारांनी आत आले तरी एकाच विनोदाला हसत. असे हसण्याची दुसरी जागा त्या काळच्या पुण्यात फारशी नव्हती.

प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, आणि २१ सप्टेंबर १९३४ला अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात टॉकीज सुरू झाले. इमारत आणि जागा इंदूरच्या सरदार किबे यांची. चित्रपटगृहाचे मूळ नाव किबे लक्ष्मी, ते चालवायला घेतले प्रभातने. हा भाड्याचा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण ऐंशी वर्षांनी सगळे त्याच्यावरच ठरले. त्या वेळी मात्र शहराला वेगळेच काही मिळाले होते. एरंडवण्यात स्टुडिओ, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर त्याच नावाचा पडदा. ‘संत तुकाराम’ १९३६चा, ‘कुंकू’ १९३७चा, ‘माणूस’ १९३९चा, ‘शेजारी’ १९४१चा. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या शहरात मात्र तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस रस्त्यात दिसले की लोक नमस्कार करत, अशी आठवण जुनी माणसे सांगत असत.

लष्कर भागातल्या चित्रपटगृहांचा वंश निराळा. वेस्ट एंड, एम्पायर, कॅपिटॉल ही गोऱ्या सोल्जरांसाठी आणि इंग्रजी चित्रपटांसाठी. पेठेतला माणूस तिकडे फारसा जात नसे. २४ जानेवारी १९४३ला ‘चले जाव’ चळवळीतल्या तरुणांनी कॅपिटॉल आणि वेस्ट एंडमध्ये बॉम्ब उडवले. त्यात ब्रिटिश सैनिक मारले गेले, आणि पुढे ‘कॅपिटॉल बॉम्ब खटला’ म्हणून ते प्रकरण गाजले. कॅपिटॉलचे नंतर व्हिक्टरी झाले. तिथे चित्रपट पाहायला गेलेल्या माझ्या पिढीच्या मुलांना हा इतिहास कुणी सांगितला नाही. शाळेच्या पुस्तकात तो असायला हवा होता, असे मला आजही वाटते.

माझी पिढी आली तेव्हा पेठांत चित्रपटगृहांची दाटी होती. विजय, प्रभात, भानुविलास, वसंत, श्रीनाथ, मिनर्वा, रतन, जरा पलीकडे अलका, नटराज, नीलायम, अल्पना. माझे लहानपण शनिवार पेठेत गेले, आणि आमच्या वाड्याच्या दिवसाचे वेळापत्रक या खेळांनी बांधलेले होते. तीनचा खेळ सुटला की गर्दीचा लोंढा गल्लीत येई आणि आजी चहा टाकी. सहाचा सुटला की दिवेलागणीनंतरची जेवणे. नऊचा सुटला की झोपेत रस्त्यावरून गाणे गुणगुणत जाणारी माणसे ऐकू येत, कधी टांग्याच्या टापा. शुक्रवारी चित्रपट बदलला की दुपारी हातगाडीवर पोस्टर लावून, कर्णा वाजवत, कुणीतरी कागद उधळत जाई. ते गुलाबी-पिवळे कागद आम्ही वेचत असू.

तिकिटाच्या खिडकीपाशी बायकांची रांग वेगळी असे, आणि ती लवकर सरके. म्हणून अख्ख्या वाड्याची तिकिटे काढायला आईला किंवा मावशीला पुढे करत. रांगेच्या कडेने ‘दो का पाच’ असे पुटपुटत ब्लॅकवाले फिरत. त्यांतले काही आमच्याच गल्लीतले होते. ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणायचे, ‘तू कशाला घेतोस रे, उद्या ये, मिळेल.’ डोअरकीपर वडिलांना ओळखत असे, त्यामुळे शाळा बुडवून मॅटिनीला जाणे शक्यच नव्हते. आत गेल्यावर आधी काचेच्या स्लाइडांवरच्या जाहिराती, बहुतेक लक्ष्मी रस्त्यावरच्याच दुकानांच्या. मग फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट, त्यात पूर आणि धरण. मग बॅटरीचा झोत अंधारात जागा दाखवायचा, आणि उशिरा आलेले पाय तुडवत जायचे. मध्यंतरात दाण्याची पुडी आणि गोटीसोडा. चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका बाहेर चार-आठ आण्यांना मिळे. ती घरी आणून ताई वहीत उतरून काढी.

पेठेतल्या चित्रपटगृहात आपल्याला सगळे ओळखतात, ही त्यातली मोठी गोष्ट होती. अलीकडे अंधार म्हणजे एकांत असे समजले जाते. आमच्या अंधारात एकांत नव्हता. मागच्या रांगेत समोरच्या वाड्यातले काका असत, बाजूला शाळेतल्या बाई. ‘माहेरची साडी’ला शेजारणी एकमेकींचा हात धरून रडल्या, आणि बाहेर येऊन डोळे पुसत भाजी घेऊन घरी गेल्या. एकत्र रडण्याची ही सोय शहराने कुठल्या योजनेत आखली नव्हती.

एका माणसाला मात्र यातले काहीच दिसत नसे. तो सगळ्यांच्या मागे, वर, पत्र्याच्या खोलीत उभा असे. ऑपरेटर. चित्रपटगृहाचा इतिहास मालकांच्या आणि नटांच्या नावाने लिहिला जातो, पण ज्याच्या हातात तो खरोखर चालत होता त्याच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. चित्रपट पेट्यांतून येई. हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चाले, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला चौदा-पंधरा रिळे. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके, काही सेकंदांनी दुसरा. पहिल्या ठिपक्याला दुसरे यंत्र सुरू करायचे, दुसऱ्याला झडप पालटायची. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या असत, त्यांच्या टोकांमधल्या ठिणगीचा प्रखर उजेड फिल्ममधून पडद्यावर जाई. कांड्या जळत जात, तसे त्यांच्यातले अंतर हाताने सारखे करत राहायचे. अंतर वाढले की पडदा पिवळा पडे, आणि खालून ओरड सुरू होई. उन्हाळ्यात त्या खोलीत अंग भाजून निघे. १९५०च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असे, ती पेटली की विझत नसे. म्हणून खोलीला पत्रा, झरोक्यांना लोखंडी झडपा, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या. कधी एकच प्रिंट दोन चित्रपटगृहांत चालवायची असे. मग इकडे संपलेले रीळ सायकलवर घालून पोऱ्या तिकडे पळे, आणि वाटेत त्याला उशीर झाला की दोन्हीकडचे ऑपरेटर घड्याळाकडे बघत घाम पुसत.

ही कारागिरी होती. ती शिकायला उमेदवारी करावी लागे, परवाना घ्यावा लागे. २००५च्या पुढे उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवरून चित्रपट येऊ लागले तेव्हा दहा वर्षांच्या आत ती नाहीशी झाली. यंत्रे भंगारात वजनावर गेली.

आता पडझडीकडे येतो. चित्रपटगृहे टीव्हीने मारली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. आठवड्याच्या शेवटी मराठी-हिंदी चित्रपट घरात येऊ लागले. १९८२मध्ये रंगीत टीव्ही, मग व्हिडिओ, मग केबल. तरीही १९७५मध्ये लागलेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्वात पाच वर्षे चालला. दादा कोंडक्यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत होते, तेही टीव्ही आल्यावरच. १९७१मध्ये ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरचा पडदा मिळावा म्हणून शिवसेना उभी राहिली, इतका तो पडदा लोकांना आपला वाटत होता. टीव्हीने बायकांची दुपार नेली, व्हिडिओने कॉलेजातल्या पोरांची मॅटिनी नेली. गर्दी विरळ झाली. पण विरळ गर्दीत मरायला दशके लागतात. माझ्या मते ही घरे मारली ती जमिनीने.

साधा हिशेब मांडून पाहा. पेठेत मध्यवस्तीत मोठा भूखंड, त्यावर एकच उंच पोकळ खोली, आठशे-हजार खुर्च्या, दिवसाला तीन-चार खेळ. वर मजले नाहीत, दुकाने नाहीत. आजोबांनी जागा घेतली किंवा भाडेपट्ट्याने मिळवली तेव्हा तिची किंमत खुर्च्यांपेक्षा कमी होती. नातवांच्या काळात नुसत्या जमिनीच्या व्याजात अख्ख्या चित्रपटगृहाचे उत्पन्न बसू लागले. नातू एक नव्हता, वारस अनेक होते, आणि तिकिटावरचा करमणूक कर, वीज, पगार वाढत होते. अशा वेळी २००१मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षे करमणूक करात भरघोस सवलत दिली. शेजारी उभ्या असलेल्या एकपडदा चित्रपटगृहांना ती नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे सरकारचा कर तिकीटखिडकीवर गोळा करून दिला, त्यांना स्पर्धेत उतरताना पायात बेडी घालून उतरवले. हा अन्याय होता, आणि तो तेव्हाही बोलून दाखवला गेला होता. जुन्या चित्रपटगृहाच्या जागी नवे बांधायचे तर त्यात लहानसे का होईना प्रेक्षागृह ठेवायचे, अशी अट मुंबईत होती. त्यामुळे काही मालकांना पाडताही येईना आणि चालवताही येईना. अशी कितीतरी दारे कुलूप लावून नुसती उभी राहिली.

आर्यन या सगळ्याच्या आधीच, १९८३मध्ये पडले. नंतर एकेक जात राहिले. डेक्कनचे नटराज गेले, तिथे मॉल आला. मंगला बहुपडदा झाले. नीलायम बंद पडले, पण शेजारचा पूल नीलायमचा पूल म्हणूनच ओळखला जातो. अलका उभे आहे, आणि टिळक चौकाला लोक अलका टॉकीज चौक म्हणतात. विसर्जनाची मिरवणूक तिथे पोचली की पोचली असे मानतात. मुंबईत ज्या मॅजेस्टिकने हिंदुस्थानला बोलका केले, त्याच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. कोहिनूरच्या जागी नक्षत्र मॉल. दादरचे चित्रा २०१९च्या मे महिन्यात बंद झाले. परळचे हिंदमाता आज बहुतेकांना पावसाळ्यात पाणी साचणारी जागा म्हणूनच माहीत आहे, आणि त्या बातम्या वाचताना मला दर वेळी थोडे दुखते. त्या भागातल्या चित्रपटगृहांमागे गिरण्या होत्या, पाळी सुटल्यावर येणारा कामगार होता. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यातून गिरण्या परत उभ्या राहिल्या नाहीत. प्रेक्षकच गावी परत गेला, तेव्हा पडद्याचा काय दोष.

सगळेच मेले असे मात्र नाही. मुंबईचे ऑपेरा हाउस १९९३पासून बंद होते, ते दुरुस्त होऊन २०१६मध्ये उघडले. मराठा मंदिरने एकच चित्रपट १९९५पासून मॅटिनीला लावून ठेवून स्वतःचे वेगळे आयुष्य शोधले. पुण्यात प्रभातचे काय झाले ते मी जवळून पाहिले. भाडेपट्टा संपला, आणि २०१४च्या डिसेंबरअखेर ते चालवणाऱ्या दामले कुटुंबीयांनी चित्रपटगृह मूळ मालकांच्या हवाली केले. शेवटच्या खेळांना जुने पुणेकर नातवंडांना घेऊन आले होते. कुणी खुर्च्यांवर हात फिरवत होते, कुणी पाटीसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. २०१५मध्ये ते पुन्हा उघडले, पाटीवर त्याचे मूळ नाव: किबे लक्ष्मी. इमारत वाचली याचा मला आनंद झाला. पण प्रभात हे नाव त्या पडद्यावरून उतरले, तेव्हा मराठी चित्रपटाचे हक्काचे घर गेल्यासारखे अनेकांना वाटले, आणि ते वाटणे खोटे नव्हते. पुढे २०२०च्या मार्चमध्ये करोनाने सगळीच दारे लावली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांनिशी उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. काहींना पुन्हा उघडण्याचे बळच राहिले नाही.

एक गोष्ट मला सतत खटकते. चित्रपट जपायला आपण उशिरा का होईना शिकलो. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि मिळेल तिथून फाळक्यांच्या चित्रपटांचे तुकडे गोळा केले. त्यांच्याआधी कितीतरी नायट्रेट प्रिंट त्यातली चांदी काढण्यासाठी धुतल्या गेल्या होत्या. संग्रहालयातलीही काही नायट्रेट फिल्म २००३च्या आगीत गेली. तरी जे वाचले ते वाचले. चित्रपटगृहांच्या बाबतीत अजून कुणी नायर आलेला नाही. एखाद्या चित्रपटगृहात कोणता चित्रपट किती आठवडे चालला, पिटाचे तिकीट कोणत्या साली किती होते, मंडईच्या बाजारादिवशी गल्ला किती जमला, बायकांच्या किती रांगा भरल्या, हे सगळे त्या त्या मालकाच्या वहीत शाईने लिहिलेले होते. मराठी समाज कसा हसला-रडला याचा इतका नेमका हिशेब दुसऱ्या कुठल्या कागदावर सापडणार नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी चित्रपटगृह चालवले असेल, तिथे ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क किंवा पोस्टर रंगवणारे म्हणून काम केले असेल, तर माळ्यावर एकदा बघा. रोजच्या विक्रीच्या वह्या, वितरकांची पत्रे, परवाने, खुर्च्यांचे नकाशे, काचेच्या स्लाइड, न खपलेली तिकिटांची पुस्तके, काहीही असेल ते रद्दीत घालू नका. लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालय आहे. आधी तिथे दाखवा. आणि काका-आजोबा अजून हयात असतील तर त्यांच्याशेजारी फोन ठेवून त्यांना बोलते करा. कार्बनच्या कांड्या कशा लावायच्या, तिथून सुरुवात करा. ते तासभर थांबणार नाहीत.